‘निवांत’ म्हणणाऱ्यांची खुशाली

तुम्हीही अशा एखाद्या ग्रुपवर असालच. दहावीची बॅच, होस्टेलची पोरं, डी.एड.चा वर्ग, कॉलेजचं एन.एस.एस. वर्षातून एकदा, साधारण परीक्षा संपत आल्या की अ‍ॅडमिनला हुक्की येते आणि मेसेज पडतो: ‘सर्वांनी आपली माहिती खालील नमुन्यात टाकावी.’ नमुना ठरलेला. नाव, सध्याचा हुद्दा, जोडीदाराचं नाव आणि हुद्दा, मुलं काय करतात, राहण्याचं ठिकाण. खाली जोडलेले हात.

आमचा ग्रुप बी.एड.चा. २००३-०४ साली साताऱ्यात आम्ही एकत्र शिकलो. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. वर्गात शंभर जण होतो, ग्रुपवर चौसष्ट आहोत, आणि गेल्या वर्षी नमुन्यात माहिती भरली ती बावीस जणांनी. त्यात तीन मुख्याध्यापक, एक केंद्रप्रमुख, एक विस्तार अधिकारी, एक पोलीस उपनिरीक्षक, पुण्यातल्या इंग्रजी शाळेची एक कोऑर्डिनेटर. कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला, कुणाची मुलगी लातूरला नीटच्या क्लासला. प्रत्येक माहितीखाली अंगठे आणि टाळ्या. छान वाटतं वाचून, खोटं कशाला बोलू.

उरलेल्या बेचाळीस जणांनी काहीच टाकलं नाही. अ‍ॅडमिनने दोनदा आठवण केली, मग तोही गप्प बसला. या बेचाळीस जणांना ‘इनॅक्टिव्ह मेंबर’ म्हणायची पद्धत आहे. माझं म्हणणं असं की बॅचची खरी बातमी त्या बावीस उत्तरांत कमी आणि या बेचाळीस जणांच्या गप्प राहण्यात जास्त आहे, आणि ती बातमी अशा नमुन्यातून कधीच कळणार नाही.

शिक्षक असल्यामुळे तो नमुना बघितला की मला यू-डायस आठवतं. तिथेही रकानेच रकाने. फरक एवढाच की यू-डायसमध्ये रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. इथे रकाना रिकामा राहिला की माणूसच मागे सरकतो.

आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात ते दुसऱ्या रकान्यापाशी. हुद्दा.

आमच्या वर्गात सगळ्यात चांगला पाठ घेणारा मुलगा जत तालुक्यातला होता. सूक्ष्म अध्यापन असो की शाळेतला सराव पाठ, तो फळ्यापुढे उभा राहिला की मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले आम्हीसुद्धा लिहायचं विसरायचो. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना त्याने नकाशाला हात लावला नाही, स्वतःच्या आईने पाणी आणायला रोज किती चालावं लागतं ते सांगितलं आणि मग नकाशा उघडला. त्याची पाठ टाचणं पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून दाखवत. हा मुलगा आज एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत आहे. सकाळी शाळा, संध्याकाळी भावाच्या किराणा दुकानात. ग्रुपवर तो आहे. बोलत नाही.

तो मागे का राहिला, याचं उत्तर त्याच्या गुणांत सापडत नाही, तारखांत सापडतं. या शतकाच्या सुरुवातीला सरकारने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून मान्यता द्यायचं धोरण घेतलं. आम्ही बी.एड. करून बाहेर पडलो तेव्हा गावोगाव अशाच शाळा निघत होत्या. जागा तिथेच होत्या, म्हणून लोक तिथे लागले. ‘आज ना उद्या अनुदान येईल’ हे वाक्य आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला. शब्द काढला तरी पैसे आले नाहीत. २०१६ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा सुरू झाला, आणि पुढचा प्रत्येक वीस टक्क्यांचा टप्पा आझाद मैदानावर बसून मागावा लागला. जुलै २०२५ मध्ये भर पावसात तिथे जे हजारो शिक्षक बसले होते, त्यांत आमच्या बॅचचे नऊ जण होते. आमच्या बॅचचं त्या वर्षातलं सगळ्यात मोठं गेट-टुगेदर तेच. त्यांच्यातल्या एकाने चिखलातल्या चपलांचा फोटो टाकला. त्याला चार अंगठे आले. त्याच दिवशी एकाच्या नव्या गाडीला एकावन्न आले होते. मोजायचं नव्हतं, पण दोन्ही एकाखाली एक होते, डोळ्यांनी मोजलंच.

दुसरी तारीख १ नोव्हेंबर २००५. त्या दिवसापासून जे नोकरीला लागले त्यांना जुनी पेन्शन नाही. आमच्यातल्या दोघी एकाच बाकावर बसायच्या, एकीच्या डब्यातली भाकरी दुसरी खायची. एक जून २००५ मध्ये पूर्ण अनुदानित शाळेत लागली, दुसरी डिसेंबरमध्ये. दोघींचं काम तेच, तासिका तेवढ्याच, निवडणुकीची ड्यूटी तीच. त्यांच्यातलं अंतर सहा महिन्यांचं होतं, आणि निवृत्तीनंतर ते हयातभराचं होणार आहे. मार्च २०२३ च्या संपात दोघी मोर्चाला बरोबर होत्या. पहिलीला पेन्शन होतीच. ती मैत्रिणीसाठी आली होती. मला विचाराल तर तिची त्या वर्षातली अपडेट ही, हुद्दा राहू दे बाजूला.

तिसरी तारीख मे २०१२, खासगी शाळांतली भरती थांबली ती. पाच-सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून आता कुठे मान्यतेची फाइल हलेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांची फाइल तिथेच राहिली. मग डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं तोवर आमच्यातले बरेच जण पस्तिशीकडे झुकले होते आणि समोर विशी-पंचविशीतली पोरं होती. जे लागले ते शिक्षणसेवक म्हणून. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला तेव्हा महिन्याला ८,००० रुपये मिळत, ते २०२३ पासून १८,००० झाले. माझ्या ओळखीचा एक जण अडतिसाव्या वर्षी शिक्षणसेवक झाला. मुलगी आठवीत, आणि बाप ‘नवीन उमेदवार’. त्याने हुद्द्याच्या रकान्यात काय लिहायचं?

म्हणून मी म्हणते की आमच्यासारख्या बॅचमध्ये हुद्दा ही माणसाची माहितीच नाही. तो कुठल्या महिन्यात, कुठल्या प्रकारच्या शाळेच्या दारात उभा होता, याची ती माहिती आहे. आणि तरी ग्रुपवर ती वाचली जाते मार्कलिस्टसारखी.

आमच्या सांगली-कोल्हापूर भागात एक शब्द आहे, ‘निवांत’. “काय चाललंय?” “निवांत.” बाहेरच्या माणसाला वाटतं, काय सुखी लोक आहेत! पण हा शब्द दार लावून घ्यायचा शब्द आहे. शेतात ऊस वाळत असला तरी निवांत, पगार आठ महिने थकला असला तरी निवांत. फोनवर पहिल्यांदा ‘निवांत’ आला की तिथे थांबायचं नसतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलायचं, मग पुन्हा विचारायचं, “आणि बाकी?” या दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर येतं. कधी कधी तिसऱ्याला. ग्रुपवर दुसरा प्रश्न विचारायची सोयच नाही. एक प्रश्न, शंभर जणांना, सगळ्यांदेखत.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूही. घरात आमची बोली दखनी, म्हणजे दोन्हींच्या मधली. पत्रलेखन शिकवताना मुलांना दोन्ही भाषांतली जुनी पत्रं दाखवायला मला आवडतं. पेशवाईतल्या पत्रांत सुरुवातीलाच यायचं की येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, आणि मगच ‘विशेष’ म्हणून कामाचा मजकूर. उर्दू पत्रात आधी सांगायचं की इथे सगळी खैरियत आहे, आणि लगेच पुढे, आपली खैरियत नेक मतलूब आहे. मतलूब म्हणजे हवी असलेली, मागितलेली. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. मुंबईच्या मामाला पत्र लिहून घेताना ती स्वतःचं एक वाक्य सांगायची आणि त्याच्याबद्दलचे सात प्रश्न. जेवण कुठे करतोस, खोलीत किती जण आहात, खोकला गेला का.

दोन्ही भाषांत रीत एकच. स्वतःची खबर अर्ध्या ओळीत उरकायची आणि समोरच्याची मागायची. अपडेटमध्ये ही रीत उलटी झाली आहे. आपण फक्त सांगतो. कुणी कुणाला विचारत नाही, आणि सगळ्यांना वाटतं की आपण संपर्कात आहोत. आता दहावीच्या पत्रलेखनात ई-मेलचा पत्ता लिहायला शिकवावं लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलं ‘तू कसा आहेस’ हे वाक्य एक ओळ भरायची म्हणून लिहितात, हे मात्र टोचतं.

२०२१ मधली गोष्ट आहे. जूनमधल्या एका दिवशी आमच्या एका वर्गमित्राचा वाढदिवस होता. सकाळपासून ग्रुपवर केक, फुगे, ‘जीवेत शरदः शतम्’. सत्तावीस शुभेच्छा जमल्या. दुपारी त्याच्याच नंबरवरून उत्तर आलं: ‘मी त्यांची मुलगी. पप्पा २ मे रोजी कोविडने गेले. आपण सर्वांनी आठवण ठेवलीत, आभारी आहे.’ सव्वा महिना झाला होता. आमच्यापैकी तिघे त्याच्याच तालुक्यात नोकरीला आहेत. त्यात दोष कुणाला देणार? तो काळच तसा होता, शेजारच्या गल्लीतलं कळत नव्हतं. पण त्या सव्वा महिन्यात ग्रुप बंद नव्हता. रोज दीडशे मेसेज येत होते. सगळी सांगासांग चालू होती.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती मला आशा देते. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावी लागेल, नाहीतर नोकरी जाईल. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. पंचेचाळिशीच्या आसपासच्या माणसांना पुन्हा परीक्षा! त्या रात्री आमचा ग्रुप दोन वाजेपर्यंत जागा होता. आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा लोक एकमेकांना विचारत होते. तुझी नेमणूक कितीची? तू सहावी ते आठवीला आहेस की नववी-दहावीला? तुझी शाळा अल्पसंख्याक, तुमचं काय होणार? जी बाई चार वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती तिने लिहिलं, ‘मला गणिताची भीती वाटते.’ दहा मिनिटांत तिला तीन जणांनी गणित शिकवायचं कबूल केलं. त्यात एक मुख्याध्यापक होता. तो नंतर खरंच रविवारी फोनवरून तिला शिकवायला लागला. संकट आलं तेव्हा हुद्द्याचा रकाना आपोआप गळून पडला.

माजी विद्यार्थी म्हणजे कोण, याचा आपल्या भागाला वेगळाच वारसा आहे, म्हणून या सगळ्याचं मला जास्त वाटतं. अमेरिकेतल्या कॉलेजांत फ्रॅटर्निटी म्हणून प्रकार असतो. ग्रीक अक्षरांची नावं, निवडून घेतलेले सभासद, एकत्र घर, आणि नातं जन्मभराचं. त्यातली सगळ्यात जुनी ‘फाय बीटा कॅपा’ १७७६ सालची. आमच्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे बोर्डिंग. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंगला पाठबळ दिलं, १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे ठेवलं. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमुळे या भागातल्या मुसलमान घरांतली पहिली शिकलेली पिढी उभी राहिली. प्रत्येक समाजाचं वेगळं बोर्डिंग होतं, कारण एका पंगतीला बसायची तयारी नव्हती.

एका पंगतीला बसवलं ते भाऊराव पाटलांनी. त्यांचं घराणं आमच्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. विद्यार्थी असताना कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं बोर्डिंग. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. फ्रॅटर्निटीत सभासद निवडून घेतात. इथे भूक आणि शिकायची इच्छा एवढीच अट होती.

तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी काय केलं बघा. बॅरिस्टर पी. जी. पाटील गरीब घरातून त्या बोर्डिंगात आले, इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत रयतमध्येच आले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रयतच्या जडणघडणीत वाटा असलेल्या इस्माईलसाहेब मुल्लांच्या नावाचं लॉ कॉलेज साताऱ्यात आहे. संस्थेच्या बी.एड. कॉलेजला मौलाना आझादांचं नाव आहे. तिथे माजी विद्यार्थ्याने ‘मी कुठे पोहोचलो’ हे कळवायचं नव्हतं. मागून येणाऱ्याच्या ताटात काय आहे ते बघायला परत यायचं होतं. सगळेच आले असं नाही, तेवढी भोळी मी नाही. पण अपेक्षा ती होती.

आता कॉलेजांना माजी विद्यार्थी आठवतात ते नॅकची टीम यायची असली की. मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा असतो, नोंदणीकृत संघटना आहे का, त्यांनी किती देणगी दिली. मग घाईघाईने मेळावा होतो, व्यासपीठावर चार ‘यशस्वी माजी विद्यार्थी’, शाल, श्रीफळ, फोटो. जतच्या आमच्या मित्राला कुठल्या मेळाव्याला बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही. खरं तर बी.एड. कॉलेजने त्यालाच बोलवायला हवं, तो अजूनही तितकंच चांगलं शिकवतो.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. शंभरातले जे छत्तीस ग्रुपवर नाहीत, त्यांत सव्वीस बायका आहेत. त्यांना शोधणं म्हणजे पोलीस तपास. माहेरचं आडनाव गेलं, काहींचं नावही लग्नात बदललं. (आमच्यात पहिलं नाव तेवढं टिकतं, म्हणून मी लवकर सापडले.) मोबाइल नंबर दोनदा-तीनदा बदललेला, नाहीतर नवऱ्याच्या फोनवर ग्रुप. अशा फोनवर ती काय लिहिणार? आमच्यातली शिराळ्याकडची एक मैत्रीण मला तिच्या गावच्या एसटी कंडक्टरमार्फत सापडली. तो आमच्या शाळेतल्या एका मुलाचा चुलता. बी.एड.ला तिला पहिला वर्ग होता. लग्नानंतर सासरच्यांनी नोकरी नको म्हटलं. आज ती अंगणात वस्तीवरच्या सतरा मुलांना फुकट शिकवते. मी तिला ग्रुपवर घेऊ का विचारलं, तर म्हणाली, “नको गं, तिथं सगळी मोठी माणसं. मी काय लिहू? हाउसवाइफ?” सतरा मुलं हे उत्तर तिच्या मनातही आलं नाही, कारण तसा रकानाच नाही.

माझ्या स्वतःच्या वाट्याला मागच्या वर्षी ग्रुपवर एकच बातमी आली आणि ती मी दिलेली नव्हती. १८ जुलै २०२५ ला सरकारने विधिमंडळात जाहीर केलं, इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर. ग्रुपवर पाच मिनिटांत बातमीची लिंक आली, मग भगवे झेंडे, मग कुणीतरी ‘इस्लामपूरकरांचं अभिनंदन’ असं लिहिलं. अभिनंदन करणाऱ्याच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्याला वाटलं, गावातली मी एकटी, मलाच करावं. नावाबद्दल माझं मत काय ते मी पूर्वी लिहिलंय, इथे तो विषय नाही. मला सांगायचंय ते त्या रात्रीच्या फोनबद्दल. ग्रुपवर एक शब्द न बोलणाऱ्या जतच्या मित्राचा फोन आला. “काय चाललंय?” मी म्हटलं, “निवांत.” तो थोडा वेळ पावसाबद्दल बोलला. यंदा बाजरी कशी आहे, माझ्या अब्बांचा गुडघा कसा आहे. मग म्हणाला, “आणि बाकी? पोरांना शाळेत कुणी काय बोललं नाही ना?” वीस वर्षांत त्याला कुणी असं विचारलं असेल का, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं.

कुणी म्हणेल, बाई, आनंद वाटण्यात काय गैर आहे? काहीच नाही. मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला तर सांगावंच, पेढे पाठवले तर आणखी चांगलं. ज्यांना मिळालं त्यांनी लाजावं असंही मी म्हणत नाही. आणि बावीस जणांपैकी सगळे सुखात आहेत हाही गैरसमज नको. ती पुण्याची कोऑर्डिनेटर एकदा मला म्हणाली की ग्रुपवर चांगलंच टाकावं लागतं म्हणून तिने आईच्या आजारपणाचं वर्षभर कुणाला सांगितलं नाही. नमुना दोघांनाही गप्प करतो. एकाला सांगण्यासारखं नाही म्हणून, दुसऱ्याला सांगितलं तर मान जाईल म्हणून.

ग्रुप सोडून जाणं हा मार्ग मला पटत नाही. पण काही गोष्टी बदलता येतात. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मासिकांत प्रत्येक बॅचची खबर छापून येते आणि बऱ्याच ठिकाणी बॅचचा एक सेक्रेटरी असतो. तो वर्गमित्रांना स्वतः गाठतो, विचारतो आणि मग लिहितो. अ‍ॅडमिनने नमुना टाकून वाट बघायची, त्यापेक्षा हे बरं. आम्ही सहा जणांनी यंदा गप्प असलेले बेचाळीस जण वाटून घेतले, माणशी सात. फोन करायचा, ग्रुपवर नाही. हुद्दा विचारायचा नाही, तो सांगितला तर ऐकायचा. आणि दोनदा विचारायचं. जे कळेल ते परवानगी असेल तरच पुढे सांगायचं. एवढंच ठरवलं, तर तीन आठवड्यांत आम्हाला कळलं की एकाची किडनी गेलीय आणि आठवड्याला दोन डायलिसिस आहेत, एक जण गलाईच्या धंद्यात मेव्हण्याबरोबर तमिळनाडूत आहे आणि तिथल्या मराठी पोरांना रात्री बाराखडी शिकवतो, दोघी टीईटीच्या तयारीला सोबत शोधतायत, आणि एकाला फक्त बोलायचं होतं, तो सव्वा तास बोलला.

गेट-टुगेदरचंही तसंच. मागच्या वेळी महामार्गावरच्या रिसॉर्टला माणशी १,८०० रुपये वर्गणी होती. अंशतः अनुदानावरच्या माणसाला हा आकडा केवढा असतो ते ज्यांनी ठरवला त्यांनी कधीतरी त्या पगारावर एक महिना काढून बघावा. “जमणार नाही, घरी कार्यक्रम आहे,” असं ज्यांनी कळवलं त्यांच्या घरी काय कार्यक्रम होता ते मला माहीत आहे. यंदा आम्ही शाळेचा हॉल सुचवलाय. सुट्टीतली शाळा, डाळ-भात, एक भाजी, आमरस. वर्गणीचा डबा दाराशी, झाकणाला फट, ज्याने त्याने जमेल ते टाकायचं. सत्कार नको, शाल नको. जमलंच तर जतच्या मित्राचा एक पाठ, पर्जन्यछायेवरचा.

त्याला विचारलं तर तो आधी हसला, मग म्हणाला की पाठ घेईन, पण रविवारी जमायचं नाही, रविवारी गावचा बाजार, दुकानात भाऊ एकटा पडतो. त्यामुळे मे महिन्यातली तारीख आता सोमवारची धरायची चाललीय. दोन मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, पण सुट्टीच आहे, येतील.